वीरनायक (मराठी व चिनी शौर्यकथांतील)

वीरनायक : शौर्यकथेतील मध्यवर्ती पुरुष किंवा स्त्री. शस्त्रविद्येतील नैपुण्य, देहबळ व निर्भयता हे वीरनायकाचे बाह्य गुण होत. तथापि हे तिन्ही गुण दरोडेखोराच्या, भाडोत्री शिपायाच्या किंवा जुलमी सरदाराच्या अंगीही असू शकतात. त्यामुळे ज्या ज्या भाषांत शौर्यकथेची परंपरा समृद्ध आहे, त्या त्या भाषांत नुसता बलवान पुरुष आणि खरा वीर यांतील भेद कशाने ठरवावयाचा, हा प्रश्न कथाकारांपुढे उभा राहिलेला दिसतो. चिनी भाषेतील शस्त्रविद्याकथांनी त्याचा विस्ताराने विचार केला आहे. मराठीत ‘शस्त्रविद्याकथा’ असा स्वतंत्र वाङ्मयप्रकार नाही. परंतु पोवाडा, बखर, ऐतिहासिक कादंबरी आणि बंडखोरांच्या जीवनावरील कथा-कादंबऱ्या यांतून हाच प्रश्न सु. साडेतीन शतके हाताळला गेला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठी परंपरेचा आणि तुलनेसाठी चिनी परंपरेचा परामर्श घेतला आहे.

भारतीय काव्यशास्त्रातील विचार : वीररसाचा स्थायी भाव ‘उत्साह’ हा मानला आहे, क्रोध हा रौद्ररसाचा स्थायी भाव होय. एवढ्या एका विभाजनानेही बरेच साधले आहे. रागाच्या भरात केलेला संहार आणि जाणूनबुजून पत्करलेले साहस या दोन भिन्न मनोवृत्ती आहेत, असे त्यातून सूचित होते. भरताच्या नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे वीराचे तीन प्रकार सांगितले असून पुढील काळातील आलंकारिकांनी त्यांत दयावीराची भर घातली. म्हणजेच युद्ध हे वीरत्वाच्या आविष्काराचे एक क्षेत्र असून एकमेव क्षेत्र नव्हे. दान, धर्म व दया यांत जो आत्मत्याग असतो, तोच युद्धातील शौर्यालाही वीरत्वाच्या पदवीला नेतो, असा या वर्गीकरणाचा आशय आहे.

चिनी परंपरा : चिनी भाषेत या प्रकारच्या कथांना ‘वू-श्या’ असे नाव आहे. ‘वू’ म्हणजे शस्त्र वा शस्त्रविद्या आणि ‘श्या’ म्हणजे दुसऱ्याच्या संकटात स्वतः होऊन उडी घेणारा पुरुष. यांपैकी दुसरे पद अधिक महत्त्वाचे आहे. सुमा च्यन (इ. स. पू. सु. १४५–८६) या इतिहासकाराने आपल्या शृ-जी या ग्रंथात अशा भ्रमंती करणाऱ्या वीरांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. दिलेला शब्द पाळणे, हाती घेतलेले कार्य तडीस नेणे, परक्याच्या अडचणीत स्वतःच्या जिवाची पर्वा न करणे आणि केलेल्या उपकाराचा उच्चार न करणे, ही त्याने सांगितलेली लक्षणे आहेत. त्यांत शस्त्रकौशल्याला जवळजवळ स्थान नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. याच प्रकरणात क्वो श्ये नावाच्या पुरुषाची हकीकत आहे. त्याच्या भाच्याने मद्यपानाच्या बैठकीत एकाला बळजबरीने दारू पाजण्याचा प्रयत्न केला आणि त्या माणसाने भाच्याला ठार केले. मारेकऱ्याने सर्व हकीकत खरी सांगितल्यावर दोष भाच्याचाच होता, असा निर्वाळा देऊन क्वो श्येने त्याला सोडून दिले. पुढे राजसत्तेने क्वो श्येला देहान्त शासन केले. ज्याच्या शब्दाला लोक राजाज्ञेपेक्षा अधिक मानतात, त्याला राज्यसंस्था सहन करू शकत नाही, हे सूत्र चिनी शौर्यकथेत तेव्हापासून कायम राहिले. त्यापूर्वीच हान फै या विधिवादी विचारवंताने असे वीर आपल्या बाहुबलाने राज्याचे निर्बंध मोडतात, म्हणून त्यांचा निषेध केला होता.

श्वेई हू च्वान या जुन्या कादंबरीत ल्यांगशान येथील दलदलीच्या आश्रयाने राहणाऱ्या १०८ बंडखोरांची कथा आहे. भ्रष्ट अधिकाऱ्यांनी देशोधडीला लावलेली ही माणसे राजदरबाराला पारखी झाली असली, तरी आपसांतील बंधुभावाला ती प्राणांपलीकडे जपतात. विसाव्या शतकात या परंपरेचे पुनरुज्जीवन मुख्यतः हाँगकाँगमधील वृत्तपत्रांतून झाले. ल्यांग यूशंग (१९२४–२००९) याने १९५४ मध्ये आणि जिन युंग (१९२४–२०१८) याने १९५५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्या लिहिण्यास प्रारंभ केला. तैवानमधील गू लुंग (१९३८–८५) हा या प्रकारातील आणखी एक प्रमुख लेखक होय. या कथा ‘ज्यांगहू’ म्हणजे ‘नद्या व सरोवरे’ या नावाच्या कल्पित जगात घडतात. भटके योद्धे, मठवासी, भिक्षेकरी, व्यापारी व लुटारू यांचे हे जग असून तेथे राजाचा कायदा पोहोचत नाही. गुरुशिष्यनिष्ठा व दिलेला शब्द हाच तेथील कायदा असतो.

जिन युंगच्या दोन नायकांवरून खऱ्या वीराची चिनी कल्पना स्पष्ट होते. क्वो जिंग हा मंदबुद्धीचा, सावकाश शिकणारा तरुण आहे. मंगोलांमध्ये लहानाचा मोठा झालेला हा नायक पुढे मंगोल आक्रमणापासून श्यांगयांग नगराचे रक्षण करण्यात आयुष्य वेचतो. व्यक्तीच्या साहाय्याला धावणे ही वीरत्वाची पहिली पायरी असून प्रजेच्या रक्षणासाठी झिजणे ही श्रेष्ठ पायरी होय, असा विचार लेखकाने त्याच्या द्वारे मांडला. श्याओ फंग हा नायक चिनी म्हणून वाढलेला, पण जन्माने खितान आहे. दोन राष्ट्रांमधील युद्ध टाळण्यासाठी तो आपल्याच सम्राटाला पकडतो, त्याच्याकडून आक्रमण न करण्याची शपथ घेववतो आणि स्वामिद्रोहाचे प्रायश्चित्त म्हणून स्वतःचा प्राण देतो. दोन्ही नायकांची मोठी लढाई शत्रूशी नसून दोन निष्ठांच्या संघर्षाशी आहे.

मराठी परंपरा : महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात आढळणारे ‘वीरगळ’ हे वीरकथेचे सर्वांत जुने दृश्य रूप म्हणता येईल. त्याच्या खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरांचे हरण, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, अशी शिल्पांची मांडणी सामान्यतः असते. गावची गुरे परत आणताना पडलेला माणूस हा येथे नायक आहे. तो बहुधा राजा नसतो आणि त्याने राज्य जिंकलेले नसते. दुसऱ्यांच्या मालमत्तेचे वा जिवाचे रक्षण करताना तो मेला, एवढेच त्याचे कर्तृत्व. पुढील मराठी वीरकथेचे बीज या शिळांवर कोरलेले आहे.

शब्दरूप वीरकथेत पोवाड्याला अग्रस्थान आहे [⟶ पोवाडा]. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा (१६५९) हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक असून सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्याचा तुलसीदासाने रचलेला पोवाडाही प्रसिद्ध आहे. हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुन्या पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे शाहिरांच्या मुखी असलेले बरेचसे वाङ्मय टिकून राहिले. डफ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने उभ्याने गायिला जाणारा पोवाडा श्रोत्यांपुढे घटना जिवंत करतो. संख्या फुगविणे, अद्भुत प्रसंग घालणे ही त्याची अंगभूत रीत आहे. सभासद बखरीत (सु. १६९४) मावळे कडा चढून गडावर गेल्याची हकीकत आहे, घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथा पोवाड्यातील होय. चिनी कथेतील नायक जसा छपरांवरून तरंगत जातो, तशीच ही अद्भुताची योजना आहे. वीरत्व मात्र त्या अद्भुतात नाही. मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला तानाजी लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याची कामगिरी अंगावर घेतो, या निवडीत ते आहे आणि लोकांनी लक्षात ठेवली तीही ही निवडच.

वीरत्वाच्या कसोट्या : मराठी वीरकथांतील काही प्रसिद्ध प्रसंगांची तुलना केल्यास परंपरेने मानलेल्या कसोट्या स्पष्ट होतात. पहिली कसोटी इमानाची. पुरंदरच्या वेढ्यात (१६६५) मुरारबाजी देशपांडे याच्या शौर्याने प्रभावित होऊन दिलेरखानाने त्याला कौल देऊ केला. तो नाकारून मुरारबाजी लढत पडला. या कथेत शत्रूने केलेली प्रशंसा आणि नायकाने दिलेला नकार या दोहोंना सारखेच महत्त्व आहे. शत्रूच्या ठिकाणीही गुणग्राहकता असते, हे मान्य केल्याने कथेचा दर्जा वाढतो.

दुसरी कसोटी प्रयोजनाची. पन्हाळगडाहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा पाठलाग विजापूरच्या फौजेने केला, तेव्हा १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे याने घोडखिंड (पुढील काळातील नाव पावनखिंड) रोखून धरली. त्याचे काम शत्रूचा पराभव करणे हे नव्हते. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत वेळ मिळवून देणे एवढेच होते. येथील शौर्याचे माप मारलेल्या शत्रूंच्या संख्येत नसून टिकवून धरलेल्या वेळेत आहे. त्याच रात्री महाराजांचे सोंग घेऊन पालखीतून गेलेला शिवा काशीद याच्या हाती तर शस्त्र चालविण्याचा प्रसंगही आला नाही. लोकस्मृतीने मात्र त्याला बाजीप्रभूच्या बरोबरीने वीरांत गणले. पकडले जाणार हे ठाऊक असून केलेले सोंग, हे शस्त्राविना दाखविलेले शौर्य होय.

तिसरी कसोटी विवेकाची. ती सर्वांत अवघड आहे. सरनोबत प्रतापराव गुजर याने उंबराणीच्या लढाईत (१६७३) कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला अभय देऊन सोडून दिले. शरण आलेल्यास न मारणे हा वीरधर्म होय. परंतु खान पुन्हा चालून आला आणि प्रतापरावाला महाराजांचा रोष पत्करावा लागला. तो ठपका मनाला लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी त्याने खानाच्या फौजेवर झडप घातली आणि तो मारला गेला. कुसुमाग्रजांच्या (१९१२–९९) कवितेने हा प्रसंग मराठी मनात कायमचा कोरला. सेनापतीच्या कर्तव्याच्या दृष्टीने पाहता मात्र हे साहस अनावश्यक होते; त्याने ना गड मिळाला, ना वेळ मिळाला. बाजीप्रभूचे मरण आणि प्रतापरावाचे मरण यांत शौर्य सारखेच आहे. पहिल्याचे प्रयोजन दुसऱ्यांच्या रक्षणाचे, तर दुसऱ्याचे प्रयोजन स्वतःवरील डाग धुऊन काढण्याचे. म्हणून पहिला प्रसंग आदर्श म्हणून सांगितला जातो आणि दुसरा करुणगंभीर ठरतो. ज्या वाचकाला हा भेद जाणवत नाही, त्याला वीरकथा केवळ मरणाचे आकर्षण शिकविते, हा तिच्यातील धोका आहे.

संयमाने मिळविलेल्या विजयाला वीरकथेत तुलनेने कमी स्थान मिळते. पहिला बाजीराव व निजामुल्मुल्क यांच्यातील पालखेडची मोहीम (१७२७-२८) हे याचे उदाहरण होय. बाजीरावाने समोरासमोरची लढाई टाळून निजामाला हालचालींनी दमविले आणि सध्याच्या वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे त्याची रसद व पाणी तोडून फेब्रुवारी १७२८ मध्ये त्याला तहास भाग पाडले. गोदावरीकाठी पैठणजवळ मुंगी-शेवगाव येथे ६ मार्च १७२८ रोजी हा तह झाला. अल्प रक्तपातात साधलेल्या या यशापेक्षा १७६१ च्या पानिपतच्या संहारानेच मराठी कथावाङ्मयाला अधिक विषय पुरविला आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), बिडकीन, पैठण व जालना हा टापू मोगल व निजामी सत्तेच्या केंद्रालगतचा असल्याने दोन्ही बाजूंच्या फौजांचा उपद्रव त्याला सोसावा लागला. पालखेडच्या मोहिमेच्या प्रारंभीही जालना भागात लूट झाली होती. एका बाजूच्या पोवाड्यातील नायक हा दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याला लुटारू भासणे अशा टापूत स्वाभाविक होते. वीरनायकाचा विचार त्याच्या वाटेवरील शेतकऱ्याला विसरून केला, तर तो अपुरा राहतो.

रयत ही कसोटी : सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांच्या वतीने चिपळूणजवळच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना पाठविलेले आज्ञापत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणागोटा व वैरण आधीच उधळून टाकली, तर घोडी मरतील आणि शिपाई कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी व लाकूडफाटा घेऊ लागतील. मग रयत परागंदा होईल आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे तिला वाटेल, असा इशारा त्यात दिला आहे. हे पत्र कथा नाही. परंतु मराठी वीरकल्पनेचा अस्सल गाभा त्यात सापडतो. शत्रूपुढे दाखविलेल्या शौर्याइतकाच, किंबहुना अधिक, निर्बल माणसापुढे दाखविलेला संयम येथे अपेक्षिला आहे.

महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८६९ मध्ये रचलेल्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्यात हा विचार वाङ्मयात आणला. त्यांनी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ असे संबोधिले. म्हणजे नायकाची ओळख राजवंशावरून न देता शेतकरी समाजाशी असलेल्या नात्यावरून दिली. सामान्य शेतकरी व अतिशूद्र गणलेला वर्ग यांच्यासाठी सोप्या भाषेत ही रचना केलेली असल्याने पोवाड्याचा नायक व श्रोता या दोघांचेही स्वरूप तिने बदलले. पुढे अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला (१९४३). त्यात नगर राखणारे कष्टकरी हेच समूहरूपाने नायक झाले.

कादंबरीतील वीरनायक : प्रारंभीच्या मराठी कादंबरीत, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांच्या मंजुघोषा (१८६८) या कृतींत, नायक सर्वगुणसंपन्न असून संकटे ही केवळ त्याची योग्यता सिद्ध करण्यासाठी येतात. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या मोचनगड (१८७१) या कादंबरीपासून इतिहासाची पार्श्वभूमी आली. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या उषःकाल (१८९५–९७) या कादंबरीत नायकाच्या मनातील संघर्षाला प्रथमच मध्यवर्ती स्थान मिळाले. विजापूरकरांच्या चाकरीत असलेल्या वृद्ध किल्लेदाराची स्वामिनिष्ठा आणि त्याचा तरुण पुत्र नानासाहेब याची स्वराज्याकडे असलेली ओढ, या दोन इमानांची टक्कर तीत रंगविली आहे. पिता खोटा नाही आणि पुत्रही कृतघ्न नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखणे हा जुन्या वीराचा धर्म; धनी अन्यायी असेल, तर इमान कोणाशी राखावयाचे, हा नव्या वीराचा प्रश्न. श्याओ फंगच्या कथेतील पेच याच जातीचा आहे.

नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्या वीरधवल (१९१३) या अद्भुतरम्य कादंबरीने आणि गो. ना. दातार यांनी इंग्रजी लेखक रेनल्ड्स याच्या कथांवरून रचलेल्या कादंबऱ्यांनी मोठा वाचकवर्ग मिळविला. भुयारे, वेषांतर, गुप्त संघटना व हरवलेला वारस ही त्यांतील सामग्री चिनी शस्त्रविद्याकथांशी मिळतीजुळती आहे. स्वातंत्र्योत्तर काळात शिवाजी सावंत यांच्या मृत्युंजय (१९६७) या कादंबरीतील कर्ण हा वेगळ्या प्रकारचा नायक ठरला. दानवीरत्व व युद्धवीरत्व या दोहोंची परिसीमा गाठलेला हा पुरुष उपकाराच्या ओझ्याखाली अन्यायी पक्षाला बांधला जातो. शब्द पाळणे हा वीराचा श्रेष्ठ गुण असला, तरी शब्द कोणाला दिला यावरही वीरत्वाचे मोल अवलंबून असते, हे कर्णकथेतून प्रतीत होते. विश्वास पाटील यांच्या पानिपत (१९८८) या कादंबरीतील सदाशिवरावभाऊचे चित्रण पराभूत नायकाविषयीच्या मराठी मनाच्या आस्थेचे द्योतक आहे.

कायद्याबाहेरील नायक : चिनी ‘श्या’च्या सर्वांत निकट येणारे मराठी नायक हे ब्रिटिश राजवटीतील बंडखोर होत. रामोश्यांचा पुढारी उमाजी नाईक याला १८३२ मध्ये पुण्यात फाशी देण्यात आले. त्याच्याविषयी ॲलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून त्याचे लोकांवरील वजन दिसून येते. सरकारी दप्तरातील दरोडेखोर आणि लोककथेतील कैवारी अशी दुहेरी प्रतिमा असलेल्या पुरुषांच्या कथा सातारा-सांगली भागात पुढेही रचल्या गेल्या.

या परंपरेतील श्रेष्ठ कृती म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची फकिरा (१९५९) ही कादंबरी होय. तिला १९६१ मध्ये महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून जोगणी आणताना मांग समाजातील राणोजी मारला जातो. गावाचा मान राखणारा हा पुरुष गावकुसाबाहेर राहणारा आहे, या विसंगतीवर कादंबरीची उभारणी झाली आहे. त्याचा पुत्र फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य व पुढे सरकारी खजिना लुटतो. ही लूट तो स्वतःसाठी ठेवीत नाही. अखेर सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः होऊन हजर होतो. त्याला पकडणे सरकारला जमत नाही. आपल्या लोकांविषयीची जबाबदारीच त्याला बेडीपर्यंत नेते. ज्यांच्यासाठी शस्त्र उचलले त्यांच्याच रक्षणासाठी ते खाली ठेवण्याची तयारी, ही वीरत्वाची अंतिम कसोटी फकिरात जितक्या स्पष्टपणे मांडली आहे, तितकी मराठीत अन्यत्र क्वचितच आढळेल. फकिराला पदवी, वतन किंवा गुरुपरंपरा लाभलेली नाही. नायकत्व जन्माने येत नसून कृतीने सिद्ध होते, हे या कादंबरीने प्रस्थापित केले.

लोकप्रिय वाङ्मयात बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या रहस्यकथांतील ‘काळा पहाड’ व ‘झुंजार’ ही पात्रे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतात. त्यांत मानसिक द्वंद्व फारसे नाही. तथापि दुर्बलांना न दुखविण्याची मर्यादा ही पात्रे पाळतात आणि त्यामुळेच सामान्य वाचकाने त्यांना आपले मानले.

स्त्रीनायिका : चिनी परंपरेत वृद्ध पित्याऐवजी पुरुषवेषाने सैन्यात जाणाऱ्या मूलानच्या जुन्या गीतापासून शस्त्रधारी नायिकांची मालिका अखंड आहे. मराठीत १७०० ते १७०७ या काळात मोगलांविरुद्धच्या युद्धाची सूत्रे सांभाळणारी ताराबाई आणि १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली झाशीची राणी लक्ष्मीबाई यांची चरित्रे वीरकथेचा विषय झाली. लक्ष्मीबाईचे प्रत्यक्षदर्शी वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास (१९०७ मध्ये प्रसिद्ध) या वृत्तांतात आढळते. तथापि शस्त्रविद्येत गुरूकडे शिकून स्वतःच्या निर्णयाने संकटात उडी घेणारी कल्पित नायिका मराठीत विरळाच. बहुतेक नायिका पती, पुत्र वा गादी यांच्या नात्याने शस्त्र उचलतात, हा दोन परंपरांतील एक मोठा भेद होय.

तुलना : दोन्ही परंपरांत गुरूला मोठे स्थान आहे. चिनी कथेतील पंथ व गुरुकुल यांच्या जागी महाराष्ट्रात तालीम, तेथील मारुती आणि वस्ताद–पठ्ठा हे नाते आहे. दांडपट्टा, फरी-गदका व लाठी हे मर्दानी खेळ तेथे शिकविले जात. मात्र विद्या शिकण्याची प्रक्रिया हा चिनी कथेचा प्रमुख भाग असतो, तर मराठी वीर बहुधा तयार योद्धा म्हणूनच कथेत येतो; त्याचे शिक्षण सांगितले जात नाही, परीक्षा सांगितली जाते. दुसरा भेद राजसत्तेविषयीच्या भूमिकेचा आहे. चिनी ‘श्या’ राजसत्तेपासून दूर राहतो किंवा तिच्या विरोधात जातो. मराठी वीर बहुतांशी एखाद्या गादीच्या वा ध्येयाच्या सेवेत असतो. त्यामुळे चिनी कथेत ‘न्याय कोणता?’ हा प्रश्न वारंवार येतो, तर मराठी कथेत ‘इमान कोणाशी?’ हा. दोन्ही प्रश्नांची श्रेष्ठ कृतींनी दिलेली उत्तरे मात्र एकमेकांजवळ येतात. क्वो जिंग नगरवासीयांसाठी झिजतो, बाजीप्रभू खिंडीत उभा राहतो, फकिरा आपल्या माणसांसाठी बेडी पत्करतो. या तिघांच्याही बाबतीत बळाचा अखेरचा लाभार्थी नायक स्वतः नसतो.

जिन युंगने आपल्या अखेरच्या कादंबरीत (१९६९–७२) शस्त्रविद्या जवळजवळ न येणारा, चतुर व संधिसाधू नायक निर्माण करून आपणच रचलेल्या आदर्शाची चिकित्सा केली. मराठीत अशी चिकित्सा तुलनेने कमी झाली आहे. ऐतिहासिक पुरुषांविषयीची पूज्यबुद्धी हे त्याचे एक कारण होय. पूज्यबुद्धीमुळे वीराचे स्मरण टिकते. परंतु त्याने कोणत्या क्षणी कोणती निवड केली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न मागे पडतात. वीरकथा हे प्रश्न जिवंत ठेवते तेव्हाच ती स्तुतिपाठाहून वेगळी ठरते. बाजीप्रभू व प्रतापराव यांच्या मरणातील अंतर, नानासाहेब व त्याचा पिता यांच्या इमानातील अंतर आणि फकिराची लूट व सामान्य दरोडा यांतील अंतर जो वाचक ओळखू शकतो, त्यालाच खरा वीर कोणता, हे या परंपरेतून कळते.

पहा : पोवाडा, बखर वाङ्मय, मराठी साहित्य, रस, वीरगळ.